म्हातारे होऊन गेलेली मुलं

अबू हलीफा, ७ मे २००४

बाबा,

तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले आहे. एवढं गप्प राहिल्याबद्दल माफ करा. कामाचं कारण सांगत नाही. लॅबला दर शुक्रवारी सुट्टीच असते.

कुवेतला निघाले तेव्हा तुम्ही एक वही दिलीत. पहिल्या पानावर हिब्रू प्रार्थना, पुढे गावच्या साथीत गेलेल्या आपल्या माणसांची नावं. आठवड्याभरात घर रिकामं झालं होतं, तुमचे आजोबा तेवढे तापातून उठले. मलिद्याच्या प्रार्थनेच्या दिवशी गोड पोह्यांचं ताट मांडलं, दहा पुरुष जमले, की तुम्ही ती नावं वाचायचात. एका नावाला मी फिसकन हसले होते. तुम्ही वाचता वाचता थांबलात. "हास. पण तो सहा वर्षांचा होता, आणि त्याचं नाव घ्यायला जगात आपणच आहोत."

व्हिसाच्या अर्जावर एजंटने परस्पर 'हिंदू' लिहिलं. आडनाव गावावरून, बोलणं मराठी. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. एक्क्याण्णवच्या युद्धानंतर इथे परतले, तेव्हा इमारतीतली घरं तपासणार अशी अफवा उठली. हिब्रू पान सापडलं तर हाकलून देतील, म्हणून मी दार लावते, बादली भरते, वही पाण्यात दाबून धरते. शाई सुटते, पाणी निळं होतं. लगदा काळ्या पिशवीत बांधून खाली टाकून आले. तपासायला कुणी आलं नाही. पुढे तुम्ही दर फोनवर विचारायचात, "वही जपतेस ना?" मी म्हणायचे, "हो बाबा." शेवटच्या फोनवरही तेच म्हणाले.

गेल्या आठवड्यात मुलीला शाळेतून वंशवृक्ष करायला सांगितला. आपण बेने इस्राएल, कोकणातले ज्यू आहोत हे तिला अजून माहीत नाही. मैत्रिणींत बोलून जाईल या भीतीने मी सांगितलेलंच नाही.

"ममा, नेम्स दे ना पटपट. ग्रँडपाच्या आजोबांना ब्रदर्स-सिस्टर्स नव्हते?"

"होते की."

मी सुचतील ती देवादिकांची नावं सांगत गेले. ती सुबक अक्षरात लिहीत गेली.

"हे सगळे कशाने गेले?"

"म्हातारे होऊन," मी म्हणाले.

तिला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. तक्ता बैठकीच्या खोलीत लावलाय, पाहुणे कौतुक करतात. खरी नावं विसरले, असं मी स्वतःला समजावते. तेही पुरतं खरं नाही. तुमच्या तोंडून ऐकलेली चार-पाच आठवतात. बाकीची मला कधी ठाऊकच नव्हती, कारण बुडवण्याआधी मी ती वही एकदाही शेवटपर्यंत वाचली नव्हती.

उद्या: मुलगी शाळेतून आली की आपण कोण, ते तिला सांगणे.