तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही

तुर्कू, फिनलंड, २९ सप्टेंबर, रविवार

सकाळी चादर धुतली, वाळत घातली. दुपारी बटाट्याचं सूप केलं, ते उरलं. बाहेर ढग आहेत. दिवसभर कोणाशी बोलणं झालं नाही, त्याबद्दल तक्रार नाही. आता मावशीला पत्र लिहिते.

प्रिय नोरीन मावशी,

तुला आणि डोनल काकांना नमस्कार. तुझा गुडघा आता बरा असेल अशी आशा करते (डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार, याची मात्र खात्री आहे). माझी तब्येत उत्तम. मला खोली मिळाली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना काळजी करत बसणार नाहीस.

वसतिगृहात मला उद्यापर्यंतच राहता येणार होतं. तोवर जागा मिळाली नाही तर नोकरी सोडून परत यायचं, आणि परत तरी कुठे यायचं? आई गेल्यावर मार्चमध्येच आपण घराची किल्ली मालकांना दिली. आणि जागा मिळत नव्हती ती आईच्या शिकवणीमुळे, हे लिहिताना मला कसंसंच होतंय. तुम्ही दोघी बहिणींनी आम्हाला वळण लावलं ते असं: कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा ‘बरं, एवढं म्हणताय तर अर्धा कप’. आपल्या गावात पहिल्याच खेपेला हो म्हणणारा एकच माणूस मी पाहिला. तो मीटर बघायला आला होता, आणि तोही डब्लिनचा.

इथली माणसं एकदाच विचारतात. प्रयोगशाळेत (मी दिवसभर नदीचं पाणी तपासते, गढूळ आहे एवढं मीही न तपासता सांगितलं असतं) पहिल्या दिवशी आमचे साहेब वेइको यांनी वेलदोड्याच्या पावांची थाळी पुढे केली. मी नको म्हणाले. थाळी पुढे गेली ती गेलीच. अकरा दिवस मी तो वास घेत नुसती कॉफी प्यायले. पुढे माझा वाढदिवस आला. सगळ्यांनी केक खाल्ला आणि माझ्यासाठी, मला गोड चालत नाही हे लक्षात ठेवून, काकडीचे काप आणले होते. इतक्या प्रेमाने आणले होते की मी सगळे संपवले.

खोलीचंही तेच. हाउतालाबाई म्हणून एक विधवा आहेत, तीस वर्षं बस चालवली, आता निवृत्त. त्यांची खोली मला पाहताक्षणी आवडली. खिडकीतून नदी दिसते. त्यांनी विचारलं, हवी का? मी म्हणाले, अहो, उगाच तुमची अडचण कशाला. त्यांनी मान हलवली, मला जिन्यापर्यंत सोडलं आणि दार लावून घेतलं. मी पायरीवर थोडा वेळ थांबले (किती ते सांगत नाही). दुसऱ्या दोन घरांतही असंच झालं. माझ्यात काहीतरी खोट दिसत असणार, अशी माझी समजूत झाली.

शुक्रवारी मी सामान भरायला रिकामी खोकी मागितली, तेव्हा वेइकोंनी नुसत्या भुवया उंचावल्या, आणि मी हाउतालाबाईंची खोली हुकल्याचं सांगितलं. हा माणूस आठवड्यातून चार वाक्यं बोलतो. त्यातली तीन त्या दिवशी माझ्यावर खर्च झाली.

“बाईंनी विचारलं नाही, हवी का म्हणून?”

“विचारलं. मी नको म्हणाले. मग त्यांनी परत विचारलंच नाही.”

“एकदा विचारलं होतं ना?”

मग पावांची थाळी त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “आता खरं सांग.”

मी चार खाल्ले. तशीच हाउतालाबाईंकडे गेले. त्यांनी दार उघडलं आणि नमस्कारही न करता मी म्हणाले, “मला खोली हवी आहे.” आयुष्यात इतकं उद्धट मी कधी बोलले नव्हते.

बाई म्हणाल्या, “मला वाटलं, कपाट जुनं म्हणून तुला आवडली नाही. मी त्याला रंग दिला.”

कपाट पिवळं आहे आणि अजून हाताला चिकटतं. काल सामान आणलं. आता मी सगळ्यालाच हो म्हणते. काल संध्याकाळी जिन्यात बाईंनी काहीतरी विचारलं, मी लगेच हो म्हणाले, आणि हिवाळ्यात नदीचा बर्फ फोडून पोहणाऱ्या मंडळात माझं नाव लागलं. ते निस्तरायचं आहे.

तर माझं छान चाललंय. नाताळात एवढ्या लांब यायची दगदग करू नकोस. तुझा गुडघा, गायी, काकांचं जेवण. मी इथे मजेत राहीन.

तुझी,
डर्व्हला

ता. क. काही पाठवूही नकोस. इथे सगळं मिळतं.

आणखी एक. नाताळाला येऊ का, असं तू फोनवर दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी नको म्हणाले, आणि वर लिहिलंय ते धरून तीन झाले. तिसऱ्यांदा विचारायची संधी तुला मिळाली नाही, कारण मीच फोन ठेवला. आईशिवाय पहिलाच नाताळ आहे. मावशी, ये. काकांनाही आण, गायींना शेजारी बघतील. हाउतालाबाईंना मी काल विचारलं, एकदाच, आणि त्या हो म्हणाल्या.

हे परत वाचलं तर मी शेवटचा भाग खोडीन, म्हणून वाचत नाही. तिकीट लावलं आहे, कोट घातला आहे. कोपऱ्यावरच्या नारिंगी टपालपेटीत टाकून येते.