मुक्कामाच्या वहीतली तेवीस माणसं

१२ नोव्हेंबर, बुधवार

नागपूरचे पाहुणे पहाटेच जंगलात गेले. त्यांच्या चादरी धुऊन दोरीवर टाकत होते, तेवढ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई दारात. हातात कागद. "नर्सबाई, इथी सही करा ना जी." चष्मा घरात, म्हणून आधी सही केली. तीस वर्षं बायकांना सांगत आले, वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. आज मीच दिला.

नोटीस आहे. "प्रवासी कर." घरी मुक्काम केलेल्या प्रवाशांचा, माणशी, दर रात्रीमागे. मागच्या वर्षापासूनचा, एकदम. खाली प्रवाशांची संख्या. ती वाचून डोकंच तापलं. परसातल्या दोन खोल्या, चार पलंग. इतकी माणसं माझ्याकडे आली असती तर मी आतापर्यंत वर मजला चढवला असता.

आणि कर तर कंपनी घेतेच की. ज्या ऑनलाइन कंपनीवरून पाहुणे येतात तिच्या बिलात कराची वेगळी ओळ असते, मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका झोपेचा कर किती जणांनी घ्यायचा?

दुपारी वरण उतू गेलं. लक्षच नव्हतं.

१३ नोव्हें.

प्रज्ञाला वरोऱ्याला फोन. बँकेत आहे, तिला हे कळतं. म्हणाली, "आई, कंपनी घेते तो सरकारचा. ती पाहुण्याकडून घेते अन् तिकडंच भरते, तुले काही करायचं नाई. ग्रामपंचायतचा वेगळा. तो तू पाहुण्याकडून घ्यायचा अन् पंचायतीत भरायचा."

मी म्हटलं, मला कोणी सांगितलं?

"ठराव झाला असन ना ग्रामसभेत."

झाला असेल. दवंडी नाही, कागद नाही, फळ्यावर दोन ओळी नाहीत. खोल्यांची परवानगी द्यायला याच पंचायतीने मला सहा खेपा घालायला लावल्या, तेव्हा माझं घर सापडत होतं. ठराव सांगायला मात्र सापडलं नाही.

बरं, भरीन. गावाचा कर आहे, पाहुण्यांची वर्दळ गावच सोसतं. पण ती संख्या आली कुठून?

१५ नोव्हें., शनिवार

ग्रा.पं.त गेले. ग्रामसेवक साहेब नवीन, वयाने प्रज्ञाएवढे. चहा मागवला. माणूस वाईट नाही, तेच अवघड. कपाटातून झेरॉक्सचा गठ्ठा काढला.

माझीच वही! माझं अक्षर.

दिवाळीच्या आधी पंचायतीतून घेऊन गेले होते, पोलीस पाटलाला दाखवायची म्हणून. मी दिली. तपासणी म्हटलं की मी रजिस्टर पुढे करते, उपकेंद्रात हाडात मुरलेली सवय आहे. आणि घरात जो झोपेल त्याचं नाव लिहायचं, हीसुद्धा तिथलीच सवय. नाव, गाव, कधी आले, कधी गेले, सही. पाच रकाने, आखणीची पट्टी घेऊन आखलेले. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असं आम्हाला ट्रेनिंगला शिकवलं होतं. पैसे देणारा पाहुणा आणि माहेरचा माणूस यांना वेगळी वही करावी, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. झोपला तो झोपला.

साहेबांनी सगळी नावं मोजलीत. प्रज्ञा मागच्या वर्षी दिवाळीला आली ती. जावई. कोरपन्याच्या शांताबाई, ह्यांची बहीण. आणि फेब्रुवारीचं पान. हे गेले तेव्हा पुण्यानुमोदनाला आलेली तेवीस माणसं. अंगणात मांडव टाकून दोन रात्री राहिली होती. भंतेजींचं नावसुद्धा आहे.

म्हटलं, "साहेब, हे माझ्या नवऱ्याच्या दुःखात आलेले लोक आहेत."

"मले समजते ना बाई. पण रजिस्टरात नाव हाय, मुक्काम हाय, सही हाय. काऊन आले ते लिहायचा कॉलम नाई ना."

आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते हे. लोकांची तिकिटं फाडली. आता त्यांच्याच दुःखाला आलेल्यांचं तिकीट मी फाडायचं म्हणे.

१७ नोव्हें.

वासुदेवभाऊ आले. जंगलाच्या गेटच्या रस्त्यावर त्यांच्या चार खोल्या आहेत, माझ्यापेक्षा जुना धंदा. हसत होते.

"तुम्ही बी बाई! सगळे दोन वह्या ठेवतेत. एक आपली, एक साहेबाची. नवीन लिहून काढा, महिन्याले चार-दोन नावं टाका. जुनी घाला चुलीत."

ते फेब्रुवारीचं पान चुलीत घालू?

त्यांना चहा दिला, पण मन फाटलं. दोन वह्यावाल्याला नोटीस नाही आणि एका वहीवालीला आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

१८ नोव्हें.

साहेबांनी रस्त्यात गाठलं. तोडगा आणलाय. मी एका कागदावर लिहून द्यायचं की सदर नोंदवही चुकीची ठेवली आहे, विश्वासार्ह नाही. मग ते संख्या अंदाजाने कमी करतील. "तुमचाच फायदा हाय बाई."

कमी होईल हे खरं. सही करायला दोन मिनिटं लागतील हेही खरं. मी विचारही केला, खोटं कशाला बोलू. घरी येऊन वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली.

माझं रजिस्टर चुकीचं? तीस वर्षांत एकाही डॉक्टरने लाल शाई लावली नाही.

नाही देणार.

२२ नोव्हें., शनिवार

शांताबाई आल्या. कापूस वेचणी अर्धी टाकून आल्या, भावाच्या जुन्या स्वेटरसाठी. थंडी पडली की त्यांना भाऊ आठवतो. मी भाकरी टाकल्या, वांग्याची भाजी केली. मागची खोली रिकामी होती, चादर बदलून ठेवली.

चार वाजता पिशवी उचलली. "जातो वयनी. साडेचारची गाडी सापडन."

मी म्हटलं, "अहो, आलात कशाला मग? राहा ना."

"नोको बाप्पा. मी झोपली का तुमच्यावर अजून चढन. प्रज्ञानं सांगतलं मले."

थांबवलं. हात धरला. वहीत नाव लिहिणार नाही म्हटलं तर माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मलाच लाज वाटली. "तुम्ही लिहान. मले माहीत नाई का तुम्ही."

गेल्या. बस दिसेनाशी होईपर्यंत थांब्यावर उभी होते.

पैशाचं मी बघून घेईन. पेन्शन आहे. पण माझ्या घरी मुक्काम करायला माझ्याच माणसांना भीती वाटू लागली, हे मी कसं भरून काढू? ह्यांच्यामागे हे घर भरलेलं राहावं म्हणून तर खोल्या चालू ठेवल्या. नोटीस काढणाऱ्याला याची काही तमा नाही. संताप संताप झाला नुसता.

२४ नोव्हें.

पुण्याचं जोडपं गेलं. नियम कळला तर पाळावा, म्हणून निघताना पंचायतीचा कर मागितला. नवऱ्याने मोबाइल काढून बिल दाखवलं, "टॅक्स ऑलरेडी भरलाय मॅडम." तो वेगळा, हा वेगळा, हे समजावताना प्रज्ञासारखं मला जमलं नाही. त्याने दिले, पण बायकोला इंग्रजीत काहीतरी म्हणाला. मला इंग्रजी कळतं हे त्याला माहीत नव्हतं. "दीज व्हिलेज पीपल."

पुठ्ठ्यावर दोन्ही करांचं लिहून दाराला लावलं. मोठ्या अक्षरात.

२६ नोव्हें., बुधवार

सकाळी विहारात संविधानाची उद्देशिका वाचली. दुपारी ग्रामसभा. वही घेऊन गेले.

सरपंच निलेश. माझ्या हातावर जन्मलेला, पायाळू. पावसात रस्ता बंद, गाडी येईना, ती सगळी रात्र मला अजून आठवते. मी उभी राहिले. म्हटलं, पाहुण्यांचा कर मी भरते, आजच भरते, मागचासुद्धा. पण मयतीच्या माणसांचा भरणार नाही आणि माझी वही खोटी आहे असं लिहूनही देणार नाही.

साहेब हळूच म्हणाले, "बाई, वही बरोबर म्हणसान तर सगळे प्रवासी. चुकीची म्हणसान तर सोडतो."

मग मात्र तोंड सुटलं. "निलेश, तुझी जन्मतारीख कोणाच्या रजिस्टरातली आहे रे? निवडणुकीचा अर्ज भरताना उतारा कोणाच्या अक्षरातला जोडलास? माझी वही विश्वासार्ह नाही, तर तुझं वय तरी खरं का?"

सभा हसली. निलेशचे कान लाल झाले. बायकांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, "आमच्या बी लेकरायच्या तारखा बाईच्याच हायेत." मग बराच गलका.

शेवटी निलेश म्हणाला, "नर्सबाई, तुम्ही बसा. नातेवाईक असन त्याले वगळू. पण परतेकाचं नातं लेखी द्या. मी वर पंचायत समितीले पाठवतो, ते ठरवतीन."

जिंकले वाटलं. घरी येऊन ज्वारीची भाकर दोन घास जास्त खाल्ली.

२९ नोव्हें.

जिंकले कसली.

यादी करायला बसले. शांताबाई, बहीण. दोन भाचे. माझे भाऊ-भावजया. प्रज्ञाचे सासरे. नऊ नावांपर्यंत नातं सापडलं. बाकी चौदा? भंतेजी. ह्यांच्यासोबतचे चार ड्रायव्हर, दोन कंडक्टर. शेजारच्या गावचे ह्यांचे मित्र. आणि मंगली.

मंगली हेमलकशाच्या बाजूची म्हातारी. हे आधी त्या भागात ड्युटीला होते. ती बाजाराला मोहफुलाची टोपली घेऊन यायची, पाय दुखायचे, हे तिच्यासाठी गाडी थांबवून ठेवायचे. एवढंच. ड्रायव्हरकडून कळलं म्हणून मुलाला घेऊन तीन गाड्या बदलून आली. मराठी फारसं येत नव्हतं. दोन रात्री माझ्याजवळ बसून होती. आडनाव सांगितलं नाही, सहीच्या जागी अंगठा आहे.

साहेबांना विचारलं, यांचं काय लिहू?

"नात्यात नाई त्यायचा कर बसनच बाई. माह्या हातात नाई."

म्हणजे रक्ताचे ते दुःखाला आले आणि मंगली काय वाघ पाहायला आली होती? असं कोणत्या कायद्यात लिहिलंय? मंगली माझ्याजवळ बसली तेव्हा माझे दोन सख्खे भाऊ मांडवात पत्ते खेळत होते. ते वगळले जाणार. हिचा कर!

अक्षर बिघडू दिलं नाही. चौदाही नावांपुढे, नात्याच्या रकान्यात, एकच लिहिलं: दुःखात आले. खाली सही, हुद्द्यासह. निवृत्त परिचारिका.

१ डिसें., सोमवार

अर्ज दिला. पोच घेतली. शिक्का नीट उमटला नव्हता, पुन्हा मारायला लावला. पाहुण्यांचा कर भरला, पावती वहीत लावली.

"किती दिवस लागतील?"

"वरून येईन तवा."

प्रज्ञा म्हणते, आता तरी वेगळा रकाना आख, "पैसे दिले / नाही". शहाणपणाचं आहे. पट्टी काढली, पेन्सिल काढली. परत ठेवली. उद्या बघू.

५ डिसें., शुक्रवार

उद्या सहा डिसेंबर. विहारात मेणबत्त्या पोचवून आले तर ओट्यावर शांताबाई. बाजूला चादरीची वळकटी. अंगात भावाचा स्वेटर, बाह्या दोनदा दुमडलेल्या.

"काऊन, पाह्यता काऊन? राह्यतो मी आता. ग्रामसभेचं ऐकलं कोरपन्यात. मंगलीचं बी प्रज्ञानं सांगतलं."

मी म्हटलं, "अजून काही ठरलं नाही हो. वरून काय येईल सांगता येत नाही."

"येऊ द्या. ते म्हातारी नात्यात नसन तं मी बी नाई. माहा बी कर लावा म्हणा." मग दम खाऊन, "चहा नंतर ठेवा. आधी वही आणा."

आणली. नाव लिहिलं, गाव लिहिलं, आलेली तारीख लिहिली. त्यांनी सही केली, ठळक, ओळ सोडून खाली गेलेली.

"कधी गेले"च्या रकान्यापाशी मी विचारलं, किती दिवस?

"ते नोका लिहू."

कोरा ठेवला.