करकेन्नाच्या टपालयंत्राची आणि त्याच्या किल्ल्यांची व्यवस्था

परम दयाळू अल्लाहच्या नावाने.

मी मबरूका, अलाया केशाऊ यांची मुलगी आणि दिवंगत सालिम अरूस यांची विधवा, राहणार अताया, करकेन्ना बेट, वय एकाहत्तर, सफाक्सच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, हे माझ्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरचा दाखलाही सोबत जोडला आहे, कारण एरवी माझ्या भावाला ते पटले नसते. डावा पाय आजारपणानंतर ओढावा लागतो, पण लिहायला पाय लागत नाही. मला कोणी धाक घातलेला नाही आणि गोड बोलून वळवलेलेही नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, म्हणून रद्द करण्यासारखे काही नाही.

पहिले कलम, घर आणि समुद्र. मला मूलबाळ नाही. शरियतीने आणि कायद्यानेही माझा वारस एकच, धाकटा भाऊ हमादी. राहते घर, अंगणातली अंजिराची झाडे आणि उथळ पाण्यातल्या आमच्या शरफियामधला माझा हिस्सा त्याला जाईल. खजुराच्या फांद्यांची, मासे अडवणारी ही कुंपणे दर वर्षी नव्याने रोवावी लागतात. ती आजवर त्यानेच रोवली, मी नुसती मासळी खाल्ली. तेव्हा या वाटणीबद्दल माझी तक्रार नाही. फक्त अंजिराखालचा दगडी कट्टा त्याने फोडू नये. तिथे गाडी उभी करायचा त्याचा विचार आहे, हे मला ठाऊक आहे.

वारसाला सोडून इतरांना मी एक तृतीयांशापर्यंत देऊ शकते. पुढचे सगळे त्यात बसते, ते मी वकिलाकडून तपासून घेतले आहे.

दुसरे कलम, घरातल्या वस्तू. माझी भावजय जोहरा हिला टीव्ही, कुसकुसचे मोठे भांडे आणि माझे पायातले चांदीचे खलखाल द्यावेत. टीव्ही मुद्दाम तिलाच. आमच्या तरुणपणी ॲन्टेना जरा वळवला की इटलीची वाहिनी दिसायची. जोहरा ती बघत मासे सोलायची, आणि मासे सोलता सोलता इटालियन शिकली. नवरा तिला म्हणायचा, "त्या बायका काय बोलतात ते कळून तुझ्या आमटीला चव येणार आहे का?" पुढे त्याच इटालियनने त्याच्या संस्थेचा धंदा वाचवला. ते असे झाले.

तिसरे कलम, टपालयंत्र. हे कलम लांब आहे. मृत्युपत्र नोंदवून वाचणाऱ्या अदूलसाहेबांनी कॉफी मागवावी.

आमच्या बंदरातल्या मच्छीमारांची सहकारी संस्था आहे, आणि हमादी तिचा अध्यक्ष. मातीच्या मडक्यांत धरलेले ऑक्टोपस आम्ही इटलीला विकतो. पूर्वी हा सगळा व्यवहार सफाक्सचा दलाल सी बशीर, म्हणजे बशीरसाहेब, बघायचा. इटलीच्या व्यापाऱ्यांशी मेलने बोलणार तोच, आणि भाव सांगणार तोही तोच. व्यापारी काय म्हणाले ते आम्हाला बशीरच्या तोंडून कळायचे. मी एक्स्चेंजची बाई. निवृत्तीआधीची वर्षे मी तिथल्या संगणकांच्या खोलीतच काढली होती. दोन माणसांच्या बोलण्यात तिसरा बसला की काय होते, हे मला सांगावे लागत नाही. मी हमादीला म्हटले, "आपलं स्वतःचं मेल उभारू. आपल्या बंदराच्या नावाचं."

तो म्हणाला, "फुकटात मिळतं की. सगळे तेच वापरतात."

"फुकटच्या घरात मालक कधीही कुलूप घालतो," मी म्हटले.

बंदराच्या नावाचे डोमेन घेतले आणि दूरच्या एका कंपनीचा छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. भाड्याचा असला तरी आतली सगळी व्यवस्था मीच लावायची होती. आमचे टपाल कोणत्या यंत्रावर टाकायचे, आमच्या नावाने पाठवायचा हक्क कोणत्या यंत्राला आहे, हे डोमेनच्या नोंदीत लिहिले. संस्थेला पेटी दिली, जोहराला दिली, मागेल त्या घराला दिली. टपाल येऊ लागले. मग संस्थेच्या नावाने इटलीतल्या मझारा गावच्या ऑर्नेल्लाबाईंना, आमच्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाला, पहिली मेल पाठवली. उत्तर नाही. दुसरी पाठवली, तिसरी पाठवली. हंगाम सुरू झाला, मालावरचा बर्फ वितळत होता आणि मझाराहून एक ओळ येत नव्हती.

सी बशीर संस्थेच्या सभेला स्वतः आला. सगळ्यांसमोर, बाईमाणसाला मानाने लावतात ते 'लल्ला' लावून म्हणाला, "इटलीचे लोक ओळखीवर धंदा करतात, लल्ला मबरूका. यंत्रावर नाही. तुम्ही आता नातवंडांना... म्हणजे, भाचरांना सांभाळा." तो 'नातवंडांना' म्हणून थांबला तेव्हा लोक हसले. माझा भाऊही हसला. मग त्याने ठराव मांडला की टपाल पुन्हा बशीरकडे द्यावे. हात वर झाले.

मी जोहराला घरी बोलावले आणि मझाराला फोन लावून तिच्या हातात दिला. इतकी वर्षे ऐकलेली भाषा तिने पहिल्यांदा तोंडातून काढली. आधी हळू, मग भरभर. मधेच फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "लल्ला, त्या म्हणतात एकही मेल आली नाही."

"त्यांना म्हणावं, कचऱ्याच्या पेटीत बघा."

जोहरा फोन कानाला धरून उभी राहिली. मग जोहराच्या चेहऱ्यावर रंग चढला. "सगळ्या तिथेच आहेत," ती म्हणाली. "आणि त्या म्हणतात, बशीरने त्यांना सांगितलंय की बेटावर लिहितावाचता येणारं कोणी नाही, म्हणून पत्रव्यवहार त्याच्याशीच करावा."

मझाराच्या यंत्राने आमच्या मेल कचऱ्यात का टाकल्या, ते मी शोधून काढले. सर्व्हरचा जो आकडी पत्ता मला मिळाला होता, त्याच्या आधीच्या भाडेकरूने तिथून जगभर फसव्या जाहिराती पाठवल्या होत्या. चोराने सोडलेल्या खोलीत राहायला गेले की किराणावाला आपल्यालाही उधार देत नाही, तसे झाले. बदनाम पत्त्यांच्या याद्या ठेवणारे लोक असतात, त्यांना मी अर्ज केले की भाडेकरू बदलला आहे. शिवाय त्या आकड्यावरून उलट शोध घेतला की आमचे नाव निघत नव्हते, कंपनीनेच दिलेले एक भलतेच नाव निघत होते. ते बदलायला कंपनीच्या माणसाला पुन्हा पुन्हा लिहावे लागले. आणि प्रत्येक मेलवर आमच्या यंत्राची अशी सही बसवली की नक्कल करता येऊ नये. हे सगळे जुळले तेव्हा मझाराला परत मेल पाठवली. उत्तर त्याच दिवशी आले, थेट, आणि भावासकट. बशीर सांगायचा त्याहून चढा तो भाव ऐकून हमादीने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

तो माझ्याकडे आला, हातात वाळवलेला ऑक्टोपस घेऊन. सभेबद्दल काही बोलला नाही. "भाकरी आहे का?" एवढेच म्हणाला. मी वाढली.

चौथे कलम, सी बशीर. तो माझ्या जनाज्याला आला तर येऊ द्यावे. कॉफी द्यावी, खुर्चीही द्यावी. भाषण करू देऊ नये.

पाचवे कलम. हे लिहू की नको, असा विचार मी बरेच दिवस केला. पण हमादी आणि मी काही वर्षे बोलत नव्हतो हे अख्ख्या बेटाला माहीत आहे, आणि कारण प्रत्येकाने आपापल्या मनाचे लावले आहे. लोक म्हणतात शरफियाच्या हिश्श्यावरून. तसे नाही.

हमादीचा मुलगा सुफ्यान एका उन्हाळ्यात कोणाला न सांगता होडीत बसून पलीकडे, इटलीला, गेला. या बेटावरून गेलेल्या सगळ्या होड्या पोचत नाहीत. ती पोचली. त्याची पहिली मेल जोहराच्या पेटीत आली. जोहराने अंगणात येऊन मोठ्याने सांगितले, "पोचला." हमादी म्हणाला, "कोण?" आणि त्याने शपथ घेतली की या घरात पुन्हा ते नाव निघणार नाही. जोहरा हट्टी आहे. तिनेही नाव काढले नाही. पत्रे येत राहिली, ती एकटी वाचत राहिली.

थंडीत एके सकाळी हमादी माझ्याकडे आला. बसला नाही.

"सगळ्यांच्या पेट्यांच्या किल्ल्या तुझ्याकडे असतात ना?"

"असतात."

"मग जोहराची उघड. तो बरा आहे का, एवढंच बघ. बाकी काही सांगू नकोस."

"जोहराला विचार. दोन भिंतींपलीकडे झोपते ती."

"तिला विचारता आलं असतं तर तुझ्या दारात आलो असतो का?"

"हमादी, अर्ध्या बेटाची लग्नं आणि काडीमोड माझ्या कानातून गेलेत. तुला कधी एक शब्द सांगितला?"

"मी तुझा भाऊ आहे."

"म्हणून तर तुला घराबाहेर काढत नाही. दुसऱ्या कोणी हे मागितलं असतं तर काढलं असतं."

तो दाराकडे वळला. मग म्हणाला, "तुला काळीज नाही. तुझ्या यंत्रालाही नाही." आणि गेला. ईदचे मटण दर वर्षी आले, जोहराच्या हातून. तो आला नाही. रस्त्यात दिसलो तर तो समुद्राकडे बघायचा. बेटावर ते सोपे आहे, कुठेही बघितले तरी समुद्रच असतो.

मला त्याची दया येत होती. पेटी उघडणे माझ्या हाताला अगदी सोपे होते, आणि पुष्कळदा मी यंत्रासमोर बसून त्याचाच विचार केला. उघडली नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे जोहरालाही कळेल.

सहावे कलम. गेल्या हिवाळ्यात मी अंगणात पडले. बोटीने मला सफाक्सच्या दवाखान्यात नेले. मी तिथे असताना टपालयंत्र थांबले. डिस्क जुन्या नोंदींनी भरून गेली होती आणि ती साफ करायला कोणी नव्हते. अख्ख्या बंदराचे टपाल अडले. हे सर्वांत आधी सुफ्यानला कळले, कारण आईला पाठवलेली मेल पोचली नसल्याचा इशारा त्याला पालेर्मोत आला. मी त्याला लहानपणी या कामातले थोडे शिकवले होते, पुढचे तो तिकडे शिकला. त्याने माझ्या फोनवर फोन केला.

त्या वेळी हमादी माझ्या खाटेशेजारी बसला होता. मी पडल्यावर तो आला होता, न बोलता. मला फोन कानाशी धरता येत नव्हता म्हणून त्याचा आवाज मोठा करून ठेवला होता.

"आत्या, डिस्क भरलीय बहुतेक. मला आत जायची परवानगी दे, मी साफ करतो."

मी म्हटले, "सुफ्यान, पुढे बोलण्याआधी सांगते. खोलीत आणखी एक माणूस ऐकतंय. तुझा बाप आहे."

त्याने फोन ठेवला नाही. मग तो म्हणाला, "आत्या, त्यांना विचार, यंदा शरफियाची कुंपणं बदलली का."

मी हमादीकडे बघितले. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "सांग त्याला, बदलली. एकट्याने."

"बदलली म्हणतो. एकट्याने."

"त्यांना सांग, पूर्वेची बाजू एकट्याने रोवू नका म्हणावं. तिथे चिखल आहे."

"सांग त्याला, मला माहीत आहे कुठे चिखल आहे. तो जन्मायच्या आधीपासून."

मी दमले होते. म्हटले, "मी निवृत्त झालेय. लाइन जोडून देते, तुमचं तुम्ही बोला." फोन हमादीच्या हातात ठेवला. खाटेवरून उठता येत नव्हते, म्हणून भिंतीकडे तोंड केले. खोली लहान होती. ते काय बोलले ते मी सगळे ऐकले, आणि ते इथे लिहिणार नाही.

संध्याकाळपर्यंत सुफ्यानने यंत्र सुरू केले. काही हरवले नव्हते. पलीकडची यंत्रे दार बंद दिसले म्हणून लगेच परत जात नाहीत, काही दिवस पुन्हा पुन्हा येऊन वाजवतात. अडलेले सगळे टपाल एकामागून एक आत आले.

सुफ्यानला आता तिकडचे कागद मिळाले आहेत. या उन्हाळ्यात तो दिवसाढवळ्या, तिकीट काढून आला. हमादी धक्क्यावर गेला नाही. होडी घेऊन शरफियावर गेला आणि जोहराला सांगून गेला, "आला की तिकडे पाठव. पूर्वेची बाजू राहिलीय."

सातवे कलम. तेव्हा डोमेन, सर्व्हर, त्यावरच्या सगळ्या किल्ल्या आणि माझे जुने स्क्रूड्रायव्हर मी माझा भाचा सुफ्यान याला देते. त्याने दर वर्षी डोमेनचे नूतनीकरण वेळेत करावे. नोंदी साफ कराव्यात. बेटावरचे कोणी पेटी मागितली तर द्यावी, मग त्याच्या आजोबांचे आमच्याशी भांडण असो वा नसो. कोणाचीही पेटी त्याने उघडू नये. आईची नाही, बायको केली तर तिची नाही, पोलिसांनी विचारले तर आधी न्यायाधीशाचा हुकूम मागावा. मन फारच ओढ घेऊ लागले तर त्या माणसाला सरळ फोन करावा.

आठवे आणि शेवटचे. माझी स्वतःची पेटीही आहे. त्यात सालिमची पत्रे आहेत, तो जहाजावर असतानाची, आणि माझी त्याला गेलेली. ती पेटी न उघडता पुसून टाकावी. हमादीने आग्रह केला तरीही. त्यानंतर मला कोणी लिहिले तर असा पत्ता आता इथे नाही, हे यंत्र आपोआप कळवते. त्यात आणखी काही लिहायची गरज नाही.

वरील मजकूर मी दोघा अदूलांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. हमादी वारस असल्याने साक्षीदार होऊ शकत नाही, पण तो दाराबाहेर उभा राहून ऐकत होता. हे मला माहीत होते, म्हणून सावकाश वाचले.

सही: मबरूका केशाऊ अरूस

साक्षीदार: अदूल मुख्तार दहमान, अदूल अब्देलवहाब सामित

अताया, करकेन्ना
१४ ऑक्टोबर २०२३