शाळेच्या भिंतीला लागून असलेले घर

मी, खाली सही करणारी, सरकारी प्राथमिक शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. पुस्तके शाळेला देणार होते. शाळेच्या कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच ठाऊक नाही. ज्याला हवीत त्याने न्यावीत.

२. शाळेत एकच खोली धड आहे. समोरासमोरच्या भिंतींवर दोन फळे लावून मी दोन इयत्ता पाठीला पाठ लावून बसवल्या. तात्पुरत्या. शिक्षणाधिकाऱ्यांनी त्याला अभिनव प्रयोग म्हटले, मला प्रशस्तिपत्र दिले आणि दुसऱ्या शिक्षकाची गरज नाही असा शेरा मारला. ते प्रशस्तिपत्र काचेसकट त्यांना परत करावे.

३. आधीच्या मृत्युपत्रात राहते घर मुलीला दिले होते, शाळेचा दुसरा वर्ग बसवण्यासाठी. ती आता शाळेच्या त्याच एका खोलीत दोन्ही इयत्तांना शिकवते. मुलगा खासगी शाळेत भागीदार आहे, त्याला बसगाड्या लावायला जागा हवी आहे. या वेळी मी मुलीला एक अट घातली : नातीने आईच्याच शाळेत शिकावे. रविवारी दोघांना मसुदा वाचून दाखवला.

मुलगा हसला. "घे की ताई. शाळा फुकट, वर घरही फुकट."

"तू गप रे." मग मुलगी मला म्हणाली, "आई, मी एकटी दोन वर्ग सांभाळते. तिला मी निम्मीच मिळेन गं."

"बाकीच्या मुलांना तेवढीच मिळतेस ना?"

"हो. त्यांच्या आयांचा नाइलाज आहे. माझा नाही." मग भावाकडे बोट दाखवून म्हणाली, "घर यालाच दे."

मी मसुद्यातले ते कलम खोडले. घर मुलाला द्यावे. अट नाही. मधल्या सुट्टीत मुले बाहेर असताना गाड्या वळवू नयेत, एवढी विनंती. ती बंधनकारक नाही.

४. मुलीला काहीही दिलेले नाही. ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. तिला त्यामुळे सही करता येईल.

ठिकाण : राहते घर
दिनांक : शाळा उघडण्याचा आदला दिवस
सही : निवृत्त मुख्याध्यापिका

आम्हां दोघांसमक्ष सही झाली :
१. शेजारचे औषध दुकानदार
२. मुलगी, शिक्षिका, सरकारी प्राथमिक शाळा