निरगाठ

४ ऑगस्ट, सोमवार
डोकं उठलंय! शुक्रवारी बालवर्गाचा राखीचा कार्यक्रम, आणि मोठ्या बाईंनी तो माझ्या गळ्यात मारलाय. "पोरांना भावाबहिणीचं प्रेम शिकवा." शिकवा! सकाळीच एका बहिणीने भावाला खोडरबरासाठी चावलंय.

गोष्ट सांगितली. बहीण राखी बांधते, भाऊ तिचं रक्षण करतो. मागून प्रश्न — "कुणापासून?" दुसरा म्हणाला, "पालीपासून!" मग वर्गभर पाल, पाल. शेवटी आवाज चढवून, जरा रंगवूनच सांगितलं — राखी हातात आहे तोवर भाऊ बहिणीला सोडून कुठ्ठे जात नाही! तेव्हा कुठे गप्प बसली.

५ ऑगस्ट
तालीम. पहिली जोडी — ताईसाहेब आणि शेपूट. नावं मीच ठेवलेली. ती सहा वर्षांची, तो साडेतीनचा, कायम तिचा फ्रॉक धरून. "मी तुझं रक्षण करीन" एवढं वाक्य घोकून घेता घेता घसा बसला. शेपूट म्हणतो, "तीच कलते." खरंय म्हणा. त्याच्या बुटाची लेस, नाक, डबा — सगळं तीच बघते. पण कार्यक्रमात कसं दिसेल ते!

वर ताईसाहेबांचा हट्ट. सगळ्यांना सुरगाठ शिकवली — एक टोक ओढलं की सुटते. त्याच राख्या रोज तालमीला लागतात. ही बया मारते निरगाठ. एकीवर एक! सोडवताना माझं नख तुटलं. शेवटी कात्री.

६ ऑगस्ट
पुन्हा तेच. पुन्हा कात्री. शेपटाने भोकाड पसरलं. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. ओरडलेच मी — "सांगून कळत नाही का तुला?" वर्ग झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बाई, लेकरू आहे." माहितीये! पण पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती?

७ ऑगस्ट
आज मुलांना न्यायला आई नाही, आजी आल्या. तक्रार करायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "शनिवारी धाकटा जातोय बापाकडे, दुसऱ्या गावी. ही राहील आईजवळ. आईबापाचं आता जमत नाही, तर तसं ठरलंय." मग हळूच, "बाई, ही सोमवारपासून घरीही त्याला दोरे बांधत सुटलीये. दिसेल तो दोरा. राखी असली की भाऊ जात नाही, बाईंनी सांगितलंय म्हणे."

बाईंनी सांगितलंय. आणि बाईंनीच कापली, तिच्यादेखत, दोनदा. इतकी लाज वाटली! जेवण गेलं नाही.

८ ऑगस्ट
कार्यक्रमाआधी ताईसाहेबांना जवळ घेतलं. म्हटलं, मार हव्या तेवढ्या निरगाठी. कात्री कपाटात, कुलूप लावून ठेवलीये.

तरी तिने सुरगाठच मारली. अगदी शिकवली तशी. टाळ्या पडल्या. मोठ्या बाई खूश — "शिकवलंत हो शेवटी!"

नंतर मी विचारलं, का गं?

"बाबांकडे पण कात्री आहे," म्हणाली. "कापताना तो रडतो."