शेवटच्या कडव्यातलं नाव

आप्पा,

तुमची गाणी सोमवारी आमच्या छापखान्यात आली. मोहोळकडचे एक शाहीर ती घेऊन आले. त्यांची आता गाण्याची मोठी पार्टी आहे, जीपगाडी आहे, कर्णे आहेत. जत्रांमध्ये विकायला गाण्यांची पुस्तिका काढायची म्हणाले. मालकांनी कागद माझ्या पुढ्यात टाकले, कारण भवानी पेठेतल्या या छापखान्यात मी जुळारी आहे. शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे आणि ओळ उभी करायची, हे माझं काम. सातवीही न झालेल्या पोराला हे काम कसं दिलं असं कुणी विचारलं की मालक म्हणतात, "ह्याची एक वेलांटी चुकलेली दावा, च्या पाजतो." वेलांटी चुकू नये म्हणून मी एकेक शब्द कोशात पाहतो आणि पाहिलेला पुन्हा पाहतो. खात्री असली तरी पाहतो. ही भीती मला कुणामुळे लागली ते पुढे लिहितो.

पहिलंच गाणं भोंग्याचं होतं. 'भोंगा झाला गं, घास ताटात राहिला.' ते तुम्ही आपल्या चुलीपुढे केलंत. मला तो दिवस दिसतो. आई भाकरी थापते आहे, तुम्ही पहिला घास मोडला आहे आणि गिरणीचा भोंगा होतो. तुम्ही उठत नाही. पितळीच्या काठावर बोटं वाजवत बसता. आई म्हणते, "अवं, भोंगा झाला की! खाडा मांडतील." तुम्ही म्हणता, "मांडू दे. तू थापायची थांबू नगंस, ठेका तुटतोय." आई पिठाचा हात कपाळाला लावते आणि हसायला लागते. तव्यावरची भाकरी करपते. गाणं झालं, तुमचा खाडा पडला आणि ती करपलेली भाकरी मी खाल्ली. असे खाडे पडत गेले आणि एक दिवस गिरणीनं तुम्हाला काढून टाकलं. तुम्हाला त्याचं वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. घरी येऊन पेटी पुसलीत आणि म्हणालात, "सुटलो."

तुम्ही सुटलात आणि मी अडकलो. तुमच्या मागे उभं राहून 'जी जी' म्हणणारा झीलकरी गाव सोडून गेला होता. त्याच्या जागी तुम्ही मला उभं केलंत, हातात झांज देऊन. आधी फक्त मोहोळच्या बाजारापुरतं, मग लग्नांत, मग जत्रांत. गुरुजी घरी आले होते, आठवतं? उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "पोराचं अक्षर चांगलं आहे. शाळेत पाठवा, नाव काढील." तुम्ही म्हणालात, "नावाचं काय घिऊन बसलाव गुरुजी? आवाज बगा की त्याचा!" आणि मला गायला लावलंत. गुरुजींनी पूर्ण गाणं ऐकून घेतलं, मान हलवली आणि निघून गेले. ते पुन्हा आले नाहीत. मी दाराआड दप्तर धरून उभा होतो आणि तुम्ही त्यांना चहा पिऊन जा म्हणत होता.

आता राग कशाचा ते नीट लिहितो. गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. 'अमुक म्हणे' असं आलं की ऐकणाऱ्याला कळतं, गाणं कुणाचं. हा रिवाज तुम्हाला माहीत नव्हता असं नाही. तरी तुम्ही ती जागा मोकळी ठेवलीत, आणि समोर जो असेल त्याचं नाव तिथे घालत गेलात. चहा पाजणाऱ्याचं घातलंत. जोडा हरवला म्हणून शिव्या देत फिरणाऱ्या म्हाताऱ्याचं घातलंत. एकदा हवालदार तुम्हाला उठवायला आला. तुम्ही थांबला नाहीत, 'हवालदार म्हणे, ताट झाकून ठेवा गं, मी येणार' असं त्याच्याकडे बघून म्हणालात. सगळा बाजार हसला, शेवटी तोही हसला आणि काठी काखेत धरून ऐकत बसला. लोक शेवटच्या कडव्याचीच वाट बघायचे. "शाहीर, माजं घ्या की! आमी काय घोडं मारलंय?" निवडणुकीवाले आले, उमेदवाराचं नाव घाला म्हणाले. तुम्ही त्यांच्या जीपच्या ड्रायव्हरचं घातलंत. त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. तमाशाच्या फडाचे मालक म्हणाले, आमच्यात या, पण गाण्यात नाव घालत जा, नाहीतर कुणीही उचलील. त्यांना तुम्ही म्हणालात, "गाणं हाय मालक, म्हैस न्हाय डाग द्यायला." तेव्हा मीही हसलो होतो.

पण मी वाट बघत होतो, आप्पा. प्रत्येक बाजारात, शेवटचं कडवं आलं की माझी झांज जराशी हळू व्हायची. आज माझं घेतील. एकदा मोहोळहून एसटीनं परत येताना मी विचारलंच, "आप्पा, माजं नाव कदी घेनार?" तुम्ही शेंगा खात होता. माझ्याकडे न बघता म्हणालात, "तू काय पाव्हणा हाईस व्हय? नाव पाव्हण्याचं घेत्यात. घरच्यानं जी जी म्हणायचं." आणि उरलेल्या शेंगा माझ्या ओंजळीत घातल्यात. मी त्या खाल्ल्या नाहीत. घरी आणून आईला दिल्या. त्या वाक्यात माया होती की नुसतं टाळणं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि विचारायला तुम्ही नाही.

बुधवारी ते शाहीर प्रूफ बघायला आले. प्रत्येक गाण्याच्या शेवटी त्यांचं नाव होतं. मी विचारलं, "ही गाणी माझ्या वडिलांची आहेत. यात तुमचं नाव कसं?" ते चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मला निरखून पाहिलं आणि खांद्यावर थाप मारली.

"आरं, तू त्येंचं पोरगं? झांज वाजवायचं ते? लई मोटा झालास की! नाव त्येंनीच घातलंय, बाबा. चिंचेखाली, भर बाजारात. मी तवा पानाची पाटी घिऊन उबा हुतो. गाणं झाल्यावर म्हणले, आवडलं न्हवं? मग घे, ह्ये आन् बाकीची बी तुजीच हायती, म्हणत जा. आन् तवा मागं जी जी कोण म्हणत हुतं? तूच की!"

ते खरं होतं. पानवाल्या पोराचं नाव आलं तेव्हा मी सगळ्यांत मोठ्यानं जी जी म्हणालो होतो. त्याचे डोळे भरलेले मी पाहिले होते. मी एवढंच म्हणालो की आतल्या पानावर एक ओळ घालू द्या, मूळ गाणी कुणाची ते. "घाल की, माजी ना न्हाय," ते म्हणाले, आणि मग, "त्येंचं नाव काय रं? आमी आपलं शाहीरच म्हणायचो." मी चिठ्ठीवर तुमचं पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी ते वाचलं, म्हणाले, "आसं व्हय." मालक आतून ओरडले, "भांडण मिटलं आसंल तर कामाला लागा, उद्या छपाईला लावायचंय!" भांडण होतं कुठे? ज्याच्याशी भांडायचं तो माणूस केव्हाच गेला.

तुमच्याशीच भांडायचं आहे मला. ज्यांची नावं तुम्ही गायलीत त्यांपैकी तुम्हाला खांदा द्यायला कोण आलं? हवालदार आला का? ड्रायव्हर आला का? शेजारचे तेलुगू विणकर आले, ज्यांना तुमचं मराठी गाणं धड कळतही नव्हतं. गिरणीचा कापूस छातीत बसून तुम्ही खोकत होता तेव्हा पाणी मी देत होतो, आणि तेव्हाही तुम्ही मला नुसतं "ए" म्हणायचात. शाळा दिली नाहीत, गाण्यात जागा दिली नाहीत. शाळेत राहिलेलं लिहिणं-वाचणं मी शिकलो ते या खिळ्यांवरून, आणि खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात. कुणी अडाणी म्हणू नये म्हणून मी रोज तोच शब्द पुन्हा पुन्हा पाहतो. ही भीती तुमची देणगी आहे. लोकांना तुम्ही गाणी दिलीत.

आज दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी भोंग्याच्या गाण्याचं शेवटचं कडवं परत पुढे घेतलं आणि त्या शाहिरांच्या नावाचे खिळे काढले. तुमचं नाव घालायला बसलो होतो. घातलं माझं. नीट बसलं, ओळ जराही लांबली नाही. हातानं शाई फिरवली, एक कागद दाबून उचलला आणि मोठ्यानं म्हणून पाहिलं. ताट झाकून ठेवा गं, मी येणार. मग सवयीनं थांबलो. मागून कुणी जी जी म्हणालं नाही, तेव्हा माझं मीच म्हणालो.

नंतर त्यांचं नाव होतं तिथे ठेवलं आणि प्रूफ पुन्हा वाचलं. चूक कुठेही नव्हती. तो कागद माझ्या खिशात आहे. संध्याकाळी आईनं विचारलं, सदऱ्याला शाई कसली. मी म्हणालो, कामाची.