मोठ्यांना मेण नाही

तळ्याकाठी,
२६ सप्टेंबर १९८७

प्रिय तायस्तो,

(‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. फुगू नकोस.)

तू, तुझी डेनिस आणि तिचं ते लाडावलेलं मांजर खुशाल असालच. टोरांटोत माणसाला आणखी काय होणार! इथे बर्चची पानं पिवळी होऊन निम्मी गळलीसुद्धा. बटाटे अजून जमिनीतच आहेत. माझं अक्षर बघून हसू नकोस. पेन शेजारच्या हेल्वीचं आहे आणि हेल्वीकडची एकही वस्तू सरळ चालत नाही, तिच्या नवऱ्यासकट.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस. पत्रात तुला गप्प बसावं लागतं.

तुझं पत्र मिळालं. “ताई, बघितलंस ना? आता तरी म्हण, तायस्तोला जमतं. यंदाच्या सापळ्यांच्या परवान्याच्या अर्जावर मदतनीस म्हणून माझं नाव घाल.” वा रे वा! मी आणि हेल्वी तिच्या मुलीच्या लग्नाला काय गेलो, तू आमच्यामागे इथे येऊन बाबांचे सगळे सापळे घासलेस, उकळलेस, रंगवलेस, मेणात बुडवून ओळीने टांगलेस आणि मला चकित करायचं म्हणून न भेटताच परत गेलास. चकित झाले हो. पोटभर झाले.

सापळे उकळायला तुला वाफ घ्यायच्या सौनातलं भांडंच सापडलं? आंघोळीच्या पाण्याचं? बाबांचं पिंप शेडमागे आहे, तू चड्डीत होतास तेव्हापासून तिथेच आहे. आल्डरच्या झाडाच्या सालीचा तो सगळा तांबडा रंग भांड्याच्या तळाशी बसलेला. शनिवारी हेल्वी नेहमीसारखी न्हायला आली. अंधारात खुशाल तांब्यावर तांबे ओतून घेतले आणि बाहेर आली ती किंचाळतच, “सायमी, अगं मला गंज चढला!” अजून तिच्या मानेवर पट्टे आहेत. चर्चमध्ये गळ्याला रुमाल बांधून बसते.

बरं, मेण. मधमाश्यांचं मेण कपाटात होतं. पण नाही, साहेबांनी डेनिसच्या मेणबत्त्या वितळवल्या. लव्हेंडरच्या! अरे शहाण्या, लोखंडाला लोखंडाचा वास येऊ नये, माणसाचा येऊ नये, म्हणून तर हा सगळा खटाटोप. आपण हातमोजे घालून, श्वास आवरून त्यांना हात लावतो आणि तू त्यांना अत्तर फासलंस. तो पुलकिनेन कुंपणावरून नाक वर करून म्हणतो, “काय सायमीबाई, यंदा कोल्ह्यांना आंघोळ घालून मग पकडणार वाटतं?” मला त्या माणसाचं हसणं आयुष्यात सहन झालेलं नाही. त्या दिवशी ते तुझ्यामुळे ऐकून घ्यावं लागलं.

हे सगळं मी एखाद वेळी हसून सोडलं असतं. पण तू तळ्यातल्या बीव्हरचे मोठे सापळेही मेणात घातलेस.

आठवतं का बघ. बाबा पिंपापाशी उभे असायचे. कोल्ह्यांचे लहान सापळे एकेक करून मेणात बुडवायचे. बीव्हरच्या सापळ्याची मोठी चौकट हातात आली की बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, “मोठ्यांना मेण नाही.” तू पायरीवर ब्लूबेरी खात बसलेला. म्हणालास, “म्हणजे तुम्हाला आणि आईला नाही का, बाबा?” बाबा हसले. तू तो विनोद आईला सांगायला आत पळालास. पुढचं ऐकलंच नाहीस. तू जन्मभर अर्धंच ऐकत आलास, तायस्तो, आणि उरलेल्या अर्ध्याच्या जागी स्वतःची अक्कल घालत आलास.

पुढचं मी सांगते. मोठी चौकट बीव्हरची मान मोडायला केलेली असते. तिला दोन्ही बाजूंनी स्प्रिंग. ती उघडी राहते ती एका बोटभर अडकणीच्या जोरावर, आणि ती अडकण खाचेत धरून राहते कारण लोखंड खरखरीत असतं. खाचेत मेण गेलं की ती धरत नाही. मग सापळा बीव्हरची वाट बघत नाही. जो समोर असेल त्याला घेतो.

मी समोर होते.

गेल्या गुरुवारी, सौनाच्या ओट्यावर. एक चौकट ताणून, लावून बघत होते. सुरक्षेचा आकडा काढला आणि नुसता धक्का लागला. उजवं मनगट आणि दोन बोटं. दुसरी चौकट असती तर डाव्या हाताने स्प्रिंग दाबून मी कशीबशी सुटलेही असते, पण मेणामुळे हाताखाली काही टिकेना. हेल्वी माझा आरडाओरडा ऐकून धावत आली. ती रोज येऊन माझी वेणी घालते, बटणं लावते. तू तिला फोनवर विचारलंस, ताई खूश आहे ना? ती म्हणाली, “अरे, तुझ्यापुढे हात टेकलेत तिने. निदान एक तरी.” तू हसलास म्हणे. तिला गप्प राहायला मीच सांगितलं होतं.

डॉक्टर म्हणतात, नाताळपर्यंत प्लास्टर. परवान्याच्या कचेरीतला माणूस म्हणतो, बाबांच्या जंगलातल्या वाटेवर यंदा सापळे लागले नाहीत तर ती वाट यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. पुढचा माणूस पुलकिनेन. हात मोडला तेव्हा मी ओरडले, हे ऐकलं तेव्हा रडले. हेल्वीदेखत. बाबांनी कुऱ्हाडीने खुणा केलेल्या झाडांपाशी तो माणूस उभा राहून लघवी करणार, हे मला सोसवत नाही.

अर्ज काल गेला. मदतनीसाच्या रकान्यात हेल्वीने तुझं नाव लिहिलं. मी सांगितलं म्हणून लिहिलं, तिला ते पटलेलं नाही.

तेव्हा सुट्टी मागून घे आणि पंधरा ऑक्टोबरच्या आत ये. लोकरीचे जुने हातमोजे आण. साबण, अत्तर, मेणबत्ती काही आणू नकोस. आल्या आल्या सगळे सापळे पुन्हा सोड्याच्या पाण्यात उकळायचे, मेण वर आलं की काढायचं. पिंपात. मी खुर्ची टाकून शेजारी बसेन आणि बोलेन. मध्ये पळायचं नाही. यंदा उजवा हात तुझा, अक्कल माझी.

तुझी ताई,
सायमी

(सही ओळखू येणार नाही. मीच आहे.)